प्रदेशाध्यक्षांनो, आमच्या हातचा अर्ज चालतो, मग नाव का चालत नाही?

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष,

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात वकिली करते. वाटपाचे दावे, पोटगी, चेक बाउन्स, हद्दीची भांडणं आणि पक्षाचं काम. यातलं शेवटचं काम बिनफीचं. आंदोलन झालं की पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ (१)(३) आणि १३५, म्हणजे मनाईचा आदेश मोडल्याचं कलम, लावतात, पुढे वर्षानुवर्षं तारखा पडत राहतात आणि ज्यांनी घोषणा दिल्या ती मुलं तोवर पुण्याला कंपनीत लागलेली असतात. त्यांची हजेरी माफ करून घेणं, वॉरंट रद्द करून घेणं, जामीनदार शोधणं हे सगळं पक्षाच्या विधी आघाडीच्या नावाने आम्ही करतो. त्याबद्दल तक्रार नाही. कार्यकर्ता म्हणून ते आपलंच काम आहे असं मानत आले.

पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या पक्षांचे अध्यक्ष हा शेजारच्या घरातला तंटा समजून पत्र बाजूला ठेवतील. आमच्या बार रूममध्ये चार पक्षांच्या वकील बायका एकाच बाकावर डबा खातात आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत चौघींचा अनुभव झेंड्याचा रंग सोडला तर सारखाच निघाला. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना, आणि उघड.

आमच्या गावच्या नगराध्यक्षपदाची सोडत सर्वसाधारण महिला अशी निघाली. मी इच्छुक म्हणून अर्ज दिला. मुलाखतीला जिल्ह्याचे पदाधिकारी बसले होते. पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" दुसरा, "खर्चाचं कसं?" तिसरा प्रश्न झालाच नाही, कारण तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला. गावाच्या पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती थकलंय, हद्दवाढीत आलेल्या वस्त्यांना घरपट्टी लागली पण गटार का नाही, कोणत्या जागेवरच्या आरक्षणाचा दावा कोर्टात पडून आहे, हे सगळं फायलीत लावून नेलं होतं. फाईल मांडीवरच राहिली.

उमेदवारी कोणाला मिळाली? ज्यांचा पक्षप्रवेश अर्ज भरायच्या आठवड्यातच झाला, अशा एका पुढाऱ्यांच्या पत्नीला. आणि त्यांचा अर्ज भरायला निरोप कोणाला आला? मलाच. "ताई, तुमच्याशिवाय कोणाला जमणार? छाननीत उडायला नको." मी गेले. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय असल्याचा दाखला, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांबाबतची घोषणा, सूचकाची सही, मालमत्तेचं शपथपत्र. पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारा ए-बी फॉर्म येईना. तीनला मुदत संपणार आणि पावणेतीनला तो आला, उमेदवाराच्या पतीच्या शर्टाच्या खिशातून, चार घड्या घातलेला. शपथपत्रासाठी मी बाईंना विचारलं, तुमच्या नावावर शेती किती? त्यांनी पतीकडे पाहिलं. ते फोनवर होते. मग हळूच त्या मला म्हणाल्या, "मॅडम, निवडून आले तर रोज यावं लागतं का हो नगरपालिकेत?" मी म्हटलं, यावं लागतं. त्यांचा चेहरा जरा उजळल्यासारखा वाटला.

त्या बाईंशी माझं भांडण नाही. संधी मिळाली तर त्या माझ्यापेक्षा चांगलं काम करतील हेही शक्य आहे. माझं भांडण आपल्याशी आहे, कारण त्यांना रोज येऊ द्यायचं की नाही हे ठरवताना आपण त्यांनाही विचारलेलं नाही.

आता थोडं जुनं काढते. ते काढण्याचं कारण असं की आपले भाषणांतले दाखले आमच्याच जिल्ह्यातून जातात. महिला मेळावा असला की व्यासपीठावरून हमखास ऐकू येतं, "याच जळगावच्या लेकीने राष्ट्रपतिपद भूषवलं." टाळ्या पडतात. पण ती लेक राष्ट्रपती भवनात कुठल्या जिन्याने पोहोचली हे कोणी सांगत नाही.

प्रतिभाताई पाटील १९३४ मध्ये आमच्याच जिल्ह्यात नाडगावला जन्मल्या. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकल्या, टेबल टेनिस खेळल्या, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली आणि जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केली. १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांना काँग्रेसने विधानसभेची उमेदवारी दिली. महिलांसाठी राखीव जागा तेव्हा नव्हती. जागा खुली होती आणि एका तरुण वकील मुलीला पक्षाने ती लढवायला दिली.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा, आणि तोच आपल्या भाषणांतून गळतो. १९६७ पासून त्या एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, लागोपाठ चार वेळा निवडून आल्या. १९६७ ला उपमंत्री झाल्या. आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण, संसदीय कामकाज अशी खाती हाताळली. १९७२ ला कॅबिनेट मंत्री, समाजकल्याण. मग आरोग्य, सांस्कृतिक कार्य, शिक्षण, नंतरच्या काळात नगरविकास आणि गृहनिर्माण. १९७८ मध्ये पुलोदचं, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं, काँग्रेस विरोधी बाकांवर गेली आणि १९७९ मध्ये विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडे आलं. १९८५ ला राज्यसभा, १९८६ ला उपसभापतिपद, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद. म्हणजे पहिली उमेदवारी ते प्रदेशाध्यक्षपद हा प्रवास सव्वीस वर्षांचा. राजस्थानचं राज्यपालपद आणि २००७ चं राष्ट्रपतिपद हे त्यानंतरचं.

मी कोणाची आरती ओवाळत नाही. घरात वकिली होती, त्या काळी काँग्रेसचं तिकीट म्हणजे निम्मा विजय होता आणि प्रदेशाध्यक्षपदाची चिठ्ठी दिल्लीहून यायची, निवडणुकीने नव्हे. राष्ट्रपतिपदाच्या काळात त्यांच्या परदेश दौऱ्यांच्या खर्चावर भरपूर टीका झाली, ती आमच्या बार रूममध्येही झाली. तरीही वकील म्हणून मी पुरावा पाहते, आणि पुरावा सांगतो की प्रत्येक पायरीवर त्यांच्या हातात खरं काम दिलं गेलं. फक्त महिला आघाडी सांभाळा, हळदीकुंकू घ्या, मेळाव्याला बसगाड्या भरून आणा, असं सांगून पक्ष मोकळा झाला नाही. नगरविकासाची फाईल वाचलेल्या, विरोधी पक्षनेता म्हणून सभागृहात उभ्या राहिलेल्या बाईकडे प्रदेशाध्यक्षपद गेलं तर कोणाला ते शोभेचं वाटत नाही.

पुरुष वकिलांचीही वाट अशीच होती. वसंतराव नाईक पुसदला वकिली करत होते. १९४६ मध्ये तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५२ ला आमदार, १९६३ ला मुख्यमंत्री, आणि पुढची अकरा वर्षं तिथेच राहिले. लोकशाही विकेंद्रीकरणाच्या ज्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला, तिचे अध्यक्षही तेच. नगरपालिका आतून पाहिलेला माणूस त्या जागी बसला होता, हे सोडतीच्या दिवशी आठवायला हरकत नाही. (पुसदची आमदारकी पुढे बहुतेक काळ एकाच घरात फिरत राहिली ही गोष्ट वेगळी, आणि ती माझ्या तक्रारीतच बसते.) विलासराव देशमुखही कायद्याचे पदवीधर. बाभळगावचे सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, लातूर पंचायत समितीचे उपसभापती, १९८० ला आमदार, १९९९ ला मुख्यमंत्री. मध्ये १९९५ ला स्वतःच्या मतदारसंघात सपाटून पडले. पडलेल्या माणसालाही पक्षाने पुन्हा उभं केलं.

आमच्यातली एखादी बाई एकदा पडली की काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. "महिला म्हणून दिलं होतं, चाललं नाही" एवढा शेरा पडतो आणि पुढच्या वेळी तिचा फोनसुद्धा कोणी उचलत नाही. पडलेल्या पुरुषाबद्दल "पुरुष म्हणून दिलं होतं" असं मी अजून ऐकलेलं नाही.

तक्रारी आता मुद्द्यावर घेते.

पहिली गोष्ट प्रदेशाध्यक्षपदाचीच. भारतीय जनता पक्ष १९८० पासून आहे, त्याच्या महाराष्ट्र प्रदेशाध्यक्षपदी आजवर एकही महिला बसलेली नाही. राष्ट्रवादी काँग्रेस १९९९ ला निघाली, पुढे दुभंगली, पण या बाबतीत दोन्हीकडे एकमत दिसतं. काँग्रेसकडे प्रतिभाताई होत्या, प्रभाताई राव होत्या. २००८ मध्ये प्रभाताई पायउतार झाल्यावर काँग्रेसलाही दुसरी बाई सापडली नाही. शिवसेनेच्या रचनेत हे पदच नाही, म्हणून तिला या हिशोबातून वगळते. पुढच्या मागण्यांतून वगळत नाही. आणि १९६० पासून या राज्यात महिला मुख्यमंत्री नाही, हे तर शाळेतली पोरंही विचारतात.

दुसरी, उमेदवारी. १९९० च्या दशकात स्थानिक संस्थांत महिलांना एकतृतीयांश जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. म्हणजे तीन दशकांहून जास्त काळ नगरपालिका, पंचायत समित्या, जिल्हा परिषदा या ठिकाणी हजारो बायका निवडून येत आहेत. तरीही २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी महिला आमदार किती? २१. खाली निम्म्या आणि वर दहातली एकही धड नाही, तर मधली पायरी कोणी काढून घेतली? ती जागा सरकारच्या ताब्यात नाही, न्यायालयाच्या नाही, मतदाराच्याही नाही. ती आपल्या कोअर कमिटीच्या बैठकीत आहे. त्या बैठकीत बायका किती असतात, हे आपणच एकदा मोजून पाहा.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं की २०२३ मध्ये महिला आरक्षणाचा कायदा झालाय. झालाय. १०६ वी घटनादुरुस्ती मी वाचली आहे. त्यात जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर, अशी अट घातलेली आहे. पण पक्षाने आपल्या यादीत तीनातली एक जागा बाईला द्यायला कोणत्या जनगणनेची अडचण येते? पक्षाच्या यादीला पुनर्रचना आयोग लागत नाही.

तिसरी तक्रार प्रशासकांच्या काळाची. बऱ्याच नगरपालिकांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि तिथे प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, तारखांवर तारखा. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा हालचाल झाली. या काळात आपल्यापैकी प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी सत्तेत होता, त्यामुळे बोट दाखवायला जागा नाही. राजकारणात नव्याने येणाऱ्या बाईसाठी नगरसेवकपद हाच पहिला उंबरठा असतो. आमच्या वयाच्या बायकांची ती वर्षं अशीच गेली. आमदारांना या काळाचा काही तोटा झाला नाही, उलट निधी, उद्घाटनं आणि फलक सगळे त्यांच्याच वाट्याला आले.

चौथी, खुर्ची. निवडून आलेल्या बाईच्या दालनात तिचा नवरा, दीर किंवा मुलगा बसतो, ठेकेदार त्यांनाच भेटतात आणि आपले जिल्हाध्यक्ष फोनही त्यांनाच लावतात. हे सगळं उघड चालतं. कार्यक्रमपत्रिकेवर सुद्धा "नगराध्यक्षा सौ. अमुक, प्रमुख उपस्थिती श्री. अमुक" असं छापतात. कायद्याने अधिकार त्या बाईचा आहे. सभेच्या इतिवृत्तावर सही तिची असते आणि उद्या गैरव्यवहाराची चौकशी लागली तर नोटीसही तिलाच येते. अशा नोटिसा घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कागद पुढे ठेवून विचारतात, "मॅडम, ह्यावर सही माझी आहे, पण हे आहे काय?"

पाचवी थोडक्यात सांगते, कारण ती सांगायला लाज मला वाटायला नको. पक्ष कार्यालयात, दौऱ्यावर, विश्रामगृहावर बायकांना जे ऐकून घ्यावं लागतं, त्याची तक्रार करायला जागा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पक्षांना लागू होत नाही, कारण पक्ष आणि कार्यकर्ता हे मालक-नोकर नाहीत, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. कायदा लागू नाही म्हणजे समिती नेमायला बंदी आहे असं नाही.

आणि एक, जिला तक्रार म्हणावं की नाही कळत नाही. विधी आघाडी हा शब्द आपल्या पत्रकांत फार रुबाबदार दिसतो. प्रत्यक्षात तिचं काम म्हणजे छाननीला धावा, हरकतींना उत्तर द्या, मतमोजणीला बसा, नंतर निवडणूक याचिका आली तर कैफियत लिहा. पक्षाने उभा केलेला उमेदवार कायद्याने टिकतो की नाही हे ज्यांना कळतं, त्यांना उमेदवार ठरवायच्या बैठकीला बोलावत नाहीत. बोलावलं असतं तर निदान ऐनवेळी थकबाकीत सापडलेले उमेदवार तरी वाचले असते. आमच्याच तालुक्यात एक अर्ज त्यापायी उडाला, हे सगळ्यांना माहीत आहे.

मागण्या अशा आहेत.

येत्या विधानसभा आणि लोकसभा निवडणुकांत किमान एकतृतीयांश उमेदवारी महिलांना देऊ, हे प्रत्येक पक्षाने निवडणूक जाहीर होण्याआधी लेखी सांगावं. त्यातही पडणाऱ्याच जागा बायकांच्या माथी मारू नयेत. मागच्या खेपेला पक्ष जिथे जिंकला किंवा दुसरा आला, त्या जागांतूनही हा वाटा निघाला पाहिजे.

जागा राखीव असो वा खुली, उमेदवारीसाठी पक्षाचं किमान तीन वर्षांचं काम ही अट ठेवा, पुरुषाच्या पत्नीलाही आणि पुरुषालाही. कोणाच्या पत्नीने काम केलेलं असेल तर ती अटीत बसेलच.

ए-बी फॉर्म मुदतीच्या दोन दिवस आधी आणि उमेदवाराच्या स्वतःच्या हातात द्या. बंडखोरी होईल म्हणून शेवटच्या तासापर्यंत तो लपवायचा, ही आपली रीत मला माहीत आहे. बंडखोरीची एवढी भीती असेल तर निवड लवकर करा आणि ज्यांना नाकारलं त्यांना कारण सांगा. मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

निवडून आलेल्या महिलेच्या दालनात, बैठकीत आणि पक्षाच्या फोनवर तिच्या जागी दुसरं कोणी चालणार नाही, असं परिपत्रक प्रदेश कार्यालयातून काढा आणि त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांनाही द्या. पहिल्या सहा महिन्यांत तिला अर्थसंकल्प, निविदा आणि सभाशास्त्राचं प्रशिक्षण द्या. आमच्यासारख्या वकील बायका ते शिकवायला फुकट येतील, तेवढी सवय आम्हाला आहेच.

प्रत्येक पक्षाच्या जिल्हा आणि प्रदेश पातळीवरच्या उमेदवार निवड समितीत निम्म्या महिला असाव्यात, आणि त्या महिला आघाडीच्या कोट्यातल्याच असाव्यात असं नाही. संघटन सचिव, कोषाध्यक्ष, प्रवक्ता, विधी आघाडी इथूनही घ्या.

छळाच्या तक्रारींसाठी पक्षाबाहेरची अध्यक्ष असलेली समिती नेमा. तिचा फोन नंबर कार्यालयाच्या दारावर लावा.

आणि प्रदेशाध्यक्षपद. ते पुढच्या वेळी बाईलाच द्या असा हट्ट मी धरत नाही. पण ज्या दिवशी नाव ठरेल त्या दिवशी किती महिलांच्या नावांचा विचार झाला, आणि त्यांची नावं का मागे पडली, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगा. एकही नाव विचारात नसेल तर तसंच सांगा.

हे पत्र लिहिल्याबद्दल माझ्यावर पक्षविरोधी कारवाईची नोटीस येईल, असं काही हितचिंतकांनी आधीच बजावलं आहे. आली तर उत्तर मीच लिहीन, वकील शोधावा लागणार नाही. तोवर पक्षाच्या आंदोलनातल्या मुलांच्या तारखांना मी नेहमीसारखी हजर राहीन. त्या मुलांचा यात काही दोष नाही. मात्र पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याच्या खिशातून आलेल्या ए-बी फॉर्मवर अर्ज भरून देणार नाही. आमच्या बाकावरच्या बाकी तिघींनीही आपापल्या पक्षाला हेच कळवलं आहे.

उत्तर द्यायचं असल्यास जाहीर द्यावं, ही विनंती.

आपली,
जळगाव जिल्ह्यातल्या तालुका न्यायालयातली एक वकील आणि पक्षाची कार्यकर्ती